बुडबुडा कशाचा?

दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत चिमूटभर सोडियम कार्बोनेट, दुसरीत चिमूटभर सोडियम सल्फाइट. दोन्ही पांढऱ्या भुकट्या, शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली ते सांगता येणार नाही. दोन्हींत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. पहिली लगेच फसफसली, दुसरी जराशी ऊब दिल्यावर. निघालेला वायू वाहकनळीने चुन्याच्या निवळीत सोडला. दोन्हीकडे निवळी दुधाळ झाली.

पहिल्या नळीतून कोणता वायू आला? कार्बन डायऑक्साइड. दुसरीतून? शाळेत शिकलेलं वाक्य लगेच ओठांवर येतं: निवळी दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड. ते वाक्य इथे चुकतं. दुसऱ्या नळीतून आलेला वायू सल्फर डायऑक्साइड आहे. पहिल्या निवळीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तरंगत असतात, दुसरीत कॅल्शियम सल्फाइटचे. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. पुढेही फसगत होते. वायू सोडतच राहिलात तर दोन्ही निवळ्या पुन्हा नितळ होतात, कारण जास्तीच्या वायूमुळे एकीकडे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं, दुसरीकडे कॅल्शियम बायसल्फाइट, आणि ही दोन्ही पाण्यात विरघळतात.

वायू ओळखण्याच्या कसोट्या आपण पाठ करतो, पण प्रत्येक कसोटीच्या पोटात दडलेला एक प्रश्न सहसा कुणी विचारायला शिकवत नाही: असंच वागणारा दुसरा कोण आहे? माझ्या मते वायूंच्या ओळखपरेडीचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे. या लेखात मी तो पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

आधी पकडा

ओळखण्याच्या आधी वायू हाती लागला पाहिजे, आणि हे वाटतं तितकं साधं नव्हतं. ‘गॅस’ हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्माँटने घडवला, गोंधळ या अर्थाच्या ‘केऑस’ या ग्रीक शब्दावरून. नाव आलं, पण जे हवेत विरून जातं ते गोळा कसं करायचं? स्टीफन हेल्सने १७२७ मध्ये त्याची युक्ती दाखवली. पदार्थ तापवायचा, निघालेला वायू वाकड्या नळीने पाण्याखाली न्यायचा आणि पाण्याने भरून उपड्या धरलेल्या भांड्यात वर चढू द्यायचा. वायू वर चढतो, पाणी खाली सरकतं. आजही शाळेच्या प्रयोगशाळेत हीच रचना असते.

हेल्सची गोष्ट मला नेहमी चटका लावते. त्याने कितीतरी पदार्थ तापवून वायू गोळा केले. त्या भांड्यांत आपण आज ज्यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखतो असे अनेक वायू असणार. पण त्याने फक्त मोजलं: कशातून किती ‘हवा’ निघाली. ती हवा कोणती, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही, कारण त्या काळी हवा एकच मानली जायची. पकडणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

वायू कसा गोळा करता येतो, हीसुद्धा त्याची ओळखच असते. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन पाण्यात इतके कमी विरघळतात की पाण्यावर बिनधास्त गोळा करता येतात. अमोनिया मात्र साध्या तापमानाला स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे सातशेव्या हिश्शाएवढ्या पाण्यात मावतो. तो पाण्यावर गोळा करायला गेलात तर भांडं रिकामंच राहणार. हायड्रोजन क्लोराइडचं जवळपास तसंच. जोसेफ प्रिस्टलीने हा अडसर ओलांडला तो पाण्याच्या जागी पारा वापरून. त्यामुळेच अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू पहिल्यांदा नीट वेगळे हातात आले.

पारा विषारी, म्हणून आता दुसरा मार्ग: वजन. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. अमोनियाचा १७, म्हणून तो उपड्या भांड्यात वर साठतो. हायड्रोजन क्लोराइड ३६.५, कार्बन डायऑक्साइड ४४, सल्फर डायऑक्साइड ६४, क्लोरीन ७१. हे सरळ ठेवलेल्या भांड्यात तळापासून भरत येतात. एवढ्यावरूनच संशयितांची यादी निम्मी होते.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे कितीतरी चाचण्या फसतात. सुरुवातीला नळीतून येणारे बुडबुडे अभिक्रियेतले नसतातच. ती उपकरणात आधीपासून असलेली हवा असते. ती जाऊ द्यायची आणि मग भांडं लावायचं.

नाक आणि डोळे

रंग असेल तर काम सोपं. क्लोरीन हिरवट पिवळा, नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी, आयोडीनची वाफ जांभळी. पण इथेही जोडगोळी आहे. ब्रोमीनची वाफही लालसर तपकिरी. नुसत्या नजरेने ती आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांत फरक करणं धोक्याचं. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडलं तर ब्रोमीन फिकट पिवळा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, देतो, नायट्रोजन डायऑक्साइड देत नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. नायट्रोजन डायऑक्साइड बंद नळीत घेऊन बर्फात ठेवला की रंग फिका पडत जातो, कारण त्याचे रेणू जोडी-जोडीने एकत्र येऊन बिनरंगी डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनतो. पुन्हा गरम केला की जोड्या तुटतात आणि तपकिरी रंग परत येतो. रेणू एकत्र येताना आणि सुटताना डोळ्यांना दिसावेत, अशा जागा रसायनशास्त्रात फार थोड्या आहेत.

वास घ्यायचा तो नळी नाकाला लावून कधीच नाही. हाताने हवा आपल्याकडे हलकेच ओढून, एक छोटा श्वास, तोही वायू फार विषारी नाही याची खात्री असेल तरच. आणि नाकावर किती विसंबायचं, हे हायड्रोजन सल्फाइड शिकवतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी असला तरी येतो. म्हणजे नाक हे जबरदस्त उपकरण. पण प्रमाण दहा लाखांत शंभराच्या आसपास गेलं की वास ओळखणाऱ्या नसाच बधिर होतात. वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं वायू गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. बंद गटारात, टाक्यांत उतरलेली माणसं अशीच फसली आहेत. म्हणून या वायूसाठी लेड ॲसिटेटने भिजवलेला कागद वापरायचा. शिशाचं सल्फाइड बनून तो काळा पडतो, आणि कागद बधिर होत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही, वासही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. कोळशाच्या खाणीत त्याचा सुगावा लागावा म्हणून लहान पक्षी नेण्याची कल्पना जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मांडली. लहान प्राण्याच्या शरीरावर परिणाम लवकर होतो, तेवढी मिनिटं खाणकामगाराला मिळतात. ब्रिटनमधल्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते.

जळतो की जाळतो

काडीच्या कसोट्या सगळ्यांना आठवतात. हायड्रोजनजवळ पेटती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज. ऑक्सिजनमध्ये नुसता निखारा असलेली काडी नेली की भडकून पेटते. कार्बन डायऑक्साइडमध्ये जळती काडी विझते.

हायड्रोजनचा तो आवाज कशाचा, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. शुद्ध हायड्रोजन नळीच्या तोंडाशी गुपचूप, फिकट निळ्या ज्योतीने जळतो. आवाज होतो तो हवेत मिसळलेल्या हायड्रोजनचा, कारण मिश्रणात सगळीकडे एकदमच जळायला ऑक्सिजन तयार असतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर ते मिश्रण स्फोटक. ही मर्यादा इतकी रुंद आहे की कसोटी फक्त छोट्या परीक्षानळीतल्या नमुन्यावर करायची, वायू निघत असलेल्या मोठ्या भांड्याच्या तोंडाशी कधीच नाही.

आता तोच प्रश्न. जळणारे आणखी कोण? मिथेन जळतो, कार्बन मोनॉक्साइड जळतो, दोघांच्याही ज्योती निळसर. ज्योतीच्या रंगावर भांडत बसण्यापेक्षा जळून काय उरलं ते पाहावं. ज्योतीवर कोरडं, थंड काचेचं भांडं उपडं धरायचं. हायड्रोजन जळला तर फक्त पाणी: भांड्यावर दव जमेल, त्यात निवळी हलवली तर ती नितळच राहील. कार्बन मोनॉक्साइड जळला तर फक्त कार्बन डायऑक्साइड: दव नाही, निवळी दुधाळ. मिथेन जळला तर दोन्ही. दव खरंच पाण्याचं आहे का, याची शंका असेल तर निर्जल, पांढरं पडलेलं मोरचूद त्याला लावावं. पाण्याने ते पुन्हा निळं होतं. दोन साध्या गोष्टींत तीन वायू वेगळे झाले. मात्र तिन्ही वायू कोरडे करून जाळले पाहिजेत, नाहीतर त्यांच्यासोबत आलेली वाफच दव म्हणून दिसेल.

निखाऱ्याच्या कसोटीतही एक तोतया आहे: नायट्रस ऑक्साइड. निखाऱ्याच्या उष्णतेने तो फुटतो आणि दोन भाग नायट्रोजनमागे एक भाग ऑक्सिजन देतो. म्हणजे एक तृतीयांश ऑक्सिजन. साध्या हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून निखारा हवेत नुसता धुमसतो आणि इथे पेट घेतो.

या सापळ्यात कोण अडकावं? खुद्द प्रिस्टली. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचा लाल ऑक्साइड तापवला. निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगीत जळली. पण नायट्रस ऑक्साइड त्याच्या ओळखीचा होता, त्यातही मेणबत्ती अशीच जळते हे त्याने पाहिलं होतं. त्यामुळे हाती काही नवं लागलंय, असं त्याने लगेच धरलं नाही. नायट्रस ऑक्साइड पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून त्याने नवा वायू पाण्याबरोबर हलवून पाहिला. तो टिकून राहिला, मेणबत्ती तशीच जळली. मग मार्च १७७५ मध्ये त्याने त्यात नायट्रिक ऑक्साइड सोडला. हा बिनरंगी वायू ऑक्सिजन भेटताच तपकिरी होतो, आणि तो तपकिरी वायू पाण्यात विरतो, म्हणजे एकूण आकारमान घटतं. नायट्रस ऑक्साइडबरोबर असं काही होत नाही. इथे झालं. शेवटी त्याने त्यात एक उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत पाव तास जगला असता, तो या हवेत अर्धा तास जगला.

चार कसोट्या, आठ महिने. दर वेळी त्याने अशीच कसोटी निवडली जिचं उत्तर दोन संशयित वेगवेगळं देतील. प्रिस्टलीने या शोधातून काढलेला सिद्धान्त पुढे टिकला नाही, त्या वायूला ऑक्सिजन हे नाव आणि योग्य अर्थ लाव्हाझिएने दिला. पण ओळखण्याची रीत म्हणून ते आठ महिने मला नमुनेदार वाटतात.

लिटमस आणि पांढरा धूर

आम्लधर्मी वायू पुष्कळ आहेत, म्हणून निळा लिटमस लाल झाला तर फारसं काही कळत नाही. उलट ओला लाल लिटमस निळा करणारा, नेहमीच्या प्रयोगांत भेटणारा वायू एकच: अमोनिया. त्यामुळे ही कसोटी एकटीनेच बरंच सांगून जाते. जोडीला संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचेची कांडी जवळ न्यावी, दाट पांढरा धूर उठतो. तो धूर म्हणजे नवसागराचे सूक्ष्म कण. हीच कसोटी उलटी वापरून, अमोनियात बुडवलेल्या कांडीने, हायड्रोजन क्लोराइड ओळखता येतो.

लिटमस ओला असावा लागतो, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. का, ते क्लोरीनवरून नीट कळतं. क्लोरीनमध्ये ओला निळा लिटमस आधी लाल होतो आणि मग पांढरा पडतो. कोरड्या क्लोरीनमध्ये कोरड्या कागदाला काही होत नाही. कारण रंग उडवण्याचं काम क्लोरीन स्वतः करत नाही, क्लोरीन आणि पाणी मिळून बनणारं हायपोक्लोरस आम्ल करतं. कोरड्या कागदावर आम्लही तयार होत नाही, आम्लारीही नाही. कागदावरचा पाण्याचा तो पातळ थर हीच खरी परीक्षानळी असते.

क्लोरीनसाठी स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइडचा कागदही वापरतात. आयोडीन सुटून तो निळाकाळा होतो. पण ब्रोमीन, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड यांनीही तो तसाच होतो. हा कागद एवढंच सांगतो की समोर एखादा ऑक्सिडीकारक वायू आहे.

पुन्हा त्या दोन नळ्या

सुरुवातीच्या नळ्यांचा निकाल लावायचा राहिलाय. आम्ल घातलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण नारिंगी असतं. सल्फर डायऑक्साइड त्याला हिरवं करतो, कारण क्रोमियमकडून ऑक्सिजन हिसकावून तो स्वतः सल्फेट होतो. कार्बन डायऑक्साइडला आणखी ऑक्सिजन नकोच असतो, द्रावण नारिंगीच राहतं. झाली ओळख.

पण एकाच नळीत कार्बोनेट आणि सल्फाइट दोन्ही असतील तर? डायक्रोमेट हिरवं होईल, निवळी दुधाळ होईल, आणि निवळीचं दूध कोणामुळे ते कळणार नाही. इथे क्रम कामाला येतो. वायू आधी भरपूर डायक्रोमेटमधून न्यायचा, सगळा सल्फर डायऑक्साइड तिथेच अडकवायचा, आणि उरलेला वायू निवळीत सोडायचा. आता दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड नक्की. दोन बाटल्यांची अदलाबदल केली तर तीच द्रावणं काहीच सिद्ध करत नाहीत.

लेड नायट्रेट तापवताना हीच युक्ती लागते. त्यातून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र निघतात. तपकिरी धुरात निखारा पेटला तरी तो कोणी पेटवला हे सांगता येत नाही, कारण तापलेला नायट्रोजन डायऑक्साइडही ज्वलनाला मदत करतो. वायू बर्फात ठेवलेल्या वाकड्या नळीतून नेला की तपकिरी भाग द्रव होऊन बहुतांश मागे राहतो, उरलासुरला पुढच्या अल्कलीच्या बाटलीत शोषला जातो. शेवटी जमा होतो तो बिनरंगी वायू, आणि त्यात पेटलेला निखारा साक्षीला उभा राहू शकतो.

निवळीबद्दल आणखी एक. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, म्हणून निवळी फार लवकर संपते. शिवाय हवेतही सुमारे ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतोच. उघड्या ठेवलेल्या निवळीवर पांढरी साय येते ती त्यामुळे. म्हणून काळजी घेणारा माणूस आधी तेवढीच साधी हवा, तेवढाच वेळ, तशाच निवळीतून सोडून पाहतो. ती नितळ राहिली तरच पुढच्या दुधाळपणाला अर्थ.

ही खबरदारी किती महत्त्वाची ठरू शकते? इंग्लंडमध्ये १८३२ साली विषप्रयोगाच्या एका खटल्यात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने नमुन्यात हायड्रोजन सल्फाइड सोडून आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला. न्यायालयात दाखवेपर्यंत तो बिघडला, ज्यूरीला पटलं नाही, आरोपी सुटला. मार्शने हे मनाला लावून घेतलं. १८३६ मध्ये त्याने नवी कसोटी मांडली. नमुना जस्त आणि आम्लाबरोबर ठेवायचा. निघणाऱ्या हायड्रोजनसोबत आर्सेनिकही आर्साइन वायूच्या रूपात बाहेर पडतं. तो वायू जाळून ज्योतीसमोर थंड चिनीमाती धरली की तिच्यावर काळा चकचकीत आरसा उमटतो. वायूच्या रूपात बाहेर काढलेलं विष पुन्हा घन झालं, आणि ते दाखवताही आलं.

पण याही कसोटीला जुळा भाऊ होता. अँटिमनीसुद्धा असाच वायू आणि असाच आरसा देतं. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात आर्सेनिकचा आरसा विरघळतो, अँटिमनीचा तसाच राहतो, हे कळल्यावर ती अडचण सुटली. आणि त्याहून मोठी भीती: जस्तातच आर्सेनिक असेल तर? मग निरपराध माणूस फाशी जाईल. म्हणून नमुना न घालता, नुसत्या जस्ताची आणि आम्लाची चाचणी आधी करायची. तेव्हा ही कोरी चाचणी कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न होती.

ज्याला कसोटीच नाही तो

आता सगळ्यात अवघड वायू. नायट्रोजन. रंग नाही, वास नाही, जळत नाही, जळू देत नाही, लिटमस बदलत नाही, निवळी दुधाळ करत नाही. शाळेत त्याची ओळख अशीच होते: सगळ्या कसोट्यांना ‘नाही’ आलं की नायट्रोजन. ही ओळख पटवणं नव्हे, हे उरलेल्याला नाव देणं आहे. आणि उरलेल्यात कोण कोण लपू शकतं, याची गोष्ट मला या विषयातली सर्वांत मोलाची वाटते.

हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवेतल्या नायट्रोजनला भरपूर ऑक्सिजन देऊन विजेच्या ठिणग्या पाडल्या. बनलेले ऑक्साइड अल्कलीत शोषले, उरलेला ऑक्सिजन काढला. सगळा नायट्रोजन संपायला हवा होता. एक इवलासा बुडबुडा राहिलाच. त्याने प्रामाणिकपणे नोंद केली: एकूण नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही. पुढे सुमारे शंभर वर्षं त्या बुडबुड्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

मग लॉर्ड रॅले वायूंच्या घनता काटेकोर मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेल्या नायट्रोजनने भरलेल्या त्यांच्या काचेच्या गोळ्यात २.३१० ग्रॅम वायू मावायचा. अमोनियासारख्या संयुगांपासून बनवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात २.२९९ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. चूक म्हणून सोडून देता आला असता. त्यांनी सोडला नाही, १८९२ मध्ये तो जाहीर मांडून इतरांना विचारलं. विल्यम रॅमसेने हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियम नायट्रोजन गिळतं. जे गिळलं गेलं नाही त्यातून वीज सोडून त्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशातले सुटे केलेले रंग, पाहिला, तर त्यात कुठल्याच ओळखीच्या वायूशी न जुळणाऱ्या लाल आणि हिरव्या रेषा होत्या. १८९४ मध्ये दोघांनी नवा वायू जाहीर केला: आर्गॉन. हवेचा जवळपास एक टक्का. प्रत्येक श्वासात असलेला, आणि ‘नायट्रोजन’ या नावाखाली शतकभर झाकलेला.

लगेच दुसरा धडा. अमेरिकेतल्या विल्यम हिलेब्रँडने युरेनियमचं खनिज आम्लात तापवलं, एक निष्क्रिय वायू निघाला. त्याने त्याला नायट्रोजन ठरवलं. रॅमसेला वाटलं, यात आर्गॉन असेल. १८९५ मध्ये त्याने क्लेव्हाइट नावाच्या तशाच खनिजातून आम्लाने वायू काढला आणि वर्णपट पाहिला. एक झगझगीत पिवळी रेषा, सोडियमच्या जोडरेषेच्या जवळ, पण तिच्यावर नाही. विल्यम क्रुक्स या रसायनतज्ज्ञांनी तिची तरंगलांबी मोजून दिली: सुमारे ५८७.५ नॅनोमीटर. ही रेषा १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात दिसली होती आणि तिच्या मालकाला हीलियम असं नावही मिळालं होतं, पण पृथ्वीवर तो कुणाला सापडला नव्हता. दगडावर आम्ल ओतून निघालेल्या बुडबुड्यात सूर्यावरचं मूलद्रव्य सापडलं.

अठ्ठावीस आणि चव्वेचाळीस

आजच्या प्रयोगशाळेत काडी आणि निवळीच्या जागी यंत्रं आली आहेत. अवरक्त किरणांचा वर्णपटमापक रेणूंच्या बंधांची थरथर ओळखतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपास किरण जोरात शोषतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण मोजणारी बरीच उपकरणं तिथेच नजर लावून असतात. पण हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांचे दोन्ही अणू सारखेच, त्यांच्या थरथरण्याने विद्युतभाराची ओढाताण होत नाही, म्हणून या उपकरणाला ते जवळजवळ दिसतच नाहीत. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या विद्युतरासायनिक संवेदकांना हायड्रोजनही थोडाफार कार्बन मोनॉक्साइडसारखा भासतो.

वस्तुमान वर्णपटमापक रेणूला विद्युतभार देऊन त्याचं वजनच मोजतो. आता तरी जुळ्यांचा त्रास संपेल? २८ वर रेघ आली. नायट्रोजन २८, कार्बन मोनॉक्साइडही २८, एथिलीनही २८. ४४ वर आली: कार्बन डायऑक्साइड ४४, नायट्रस ऑक्साइड ४४, प्रोपेनही ४४.

याला दोन उपाय आहेत. पहिला, वजन फार बारकाईने मोजणं. नायट्रोजन २८.००६१ आहे, कार्बन मोनॉक्साइड २७.९९४९. दशांश चिन्हानंतरचे ते आकडे वेगळे दिसतील इतकं तीक्ष्ण यंत्र असेल तर दोन रेघा सुटतात. दुसरा, मापकाच्या आधी वायू क्रोमॅटोग्राफ लावणं. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी मांडलेल्या या पद्धतीत मिश्रण एका लांब नळीतून वाहतं, प्रत्येक घटक नळीतल्या पदार्थाला कमी-जास्त चिकटतो आणि आपापल्या वेळी बाहेर पडतो. डायक्रोमेटची बाटली आधी आणि निवळी नंतर, तेच काम इथे नळी करते.

यातलं काहीच हाताशी नसेल, साधाच मापक असेल, तर तुकडे पाहायचे. विद्युतभार देताना काही रेणू फुटतात आणि कसे फुटतात ते त्यांच्या बांधणीवर ठरतं. नायट्रस ऑक्साइड फुटला की नायट्रिक ऑक्साइडचा ३० वजनाचा ठळक तुकडा देतो. कार्बन डायऑक्साइड कार्बनचा १२ वजनाचा तुकडा देतो, जो नायट्रस ऑक्साइडकडे असूच शकत नाही. प्रोपेन असेल तर २९ ची रेघ ४४ हूनही उंच जाते. तेव्हा ४४ च्या जोडीला ३० ठळक असेल आणि १२ अजिबात नसेल, तर तो नायट्रस ऑक्साइड. १२ असेल आणि ३० नसेल, तर कार्बन डायऑक्साइड. आणि ३० व १२ दोन्ही असतील, तर नळीत बहुधा दोघेही आहेत, आणि त्यांना वेगळं करून पुन्हा मोजावं लागेल.